बँडच्या दुकानातली ओपीडी

माझ्या पदाचं सरकारी नाव 'मनोविकृती सामाजिक कार्यकर्ता'. मी बाई असूनही शेवटपर्यंत 'कार्यकर्ता'च राहिले, कारण पाटीवरचं अक्षर बदलायला वरून मंजुरी लागते. हे नाव ऐकलं की समोरच्या माणसाच्या मनात दोनच शंका यायच्या. एक तर मलाच काहीतरी विकृती असावी, नाहीतर मी कुठल्यातरी पक्षाची माणूस असावी. दुसरी शंका आलेले लोक जरा जास्त घाबरायचे. नांदेडला आमच्या गल्लीत सासूबाई नुसतं सांगायच्या, "सून दवाखान्यात हाय." काय करते असं कोणी खोदून विचारलंच, तर म्हणायच्या, "कागदाचं काम हाय." वेड्यांची बाई म्हणून सून ओळखली जाण्यापेक्षा कारकून म्हणून ओळखली गेलेली त्यांना बरी वाटायची. मीही त्यांचं म्हणणं कधी खोडून काढलं नाही. घरात एका वेळी एकच लढाई पुरे असते.

बाहेरच्या माणसाला काम समजावून सांगायचं तर ते सोपं आहे. मनाच्या आजाराला डॉक्टर गोळी लिहून देतात. ती गोळी घरी गेल्यावर पेशंट खातो का, खात नसेल तर का खात नाही, घरचे त्याला पंगतीत बसवतात की ताट गोठ्याशेजारी सरकवतात, कोणी त्याला कामावर ठेवतं का, हे बघायचं काम माझं. डॉक्टरांचा आणि पेशंटचा संबंध पाच-दहा मिनिटांचा. उरलेला आठवडा पेशंट ज्यांच्यात राहतो त्या माणसांशी माझा संबंध. म्हणजे आजारी माणसं डॉक्टरांच्या वाट्याला, आणि धडधाकट माणसं माझ्या. कोणाचं काम अवघड, ते वाचणाऱ्यांनीच ठरवावं.

ह्या धडधाकट माणसांना सरकारी भाषेत 'सामाजिक संसाधनं' म्हणतात. लातूरला एका गार हॉटेलात आम्हाला त्याचं प्रशिक्षण दिलं होतं. चार्ट पेपरवर मधोमध पेशंट काढायचा आणि भोवती वर्तुळं: सरपंच, शिक्षक, महिला मंडळ, तरुण मंडळ, देवस्थान. सगळ्या वर्तुळांतून पेशंटकडे बाण. मी हाताखालच्या तालुक्यांत पुष्कळ फिरले, पण त्या बाणांची दिशा मला नेहमी उलटीच दिसली. शिक्षक म्हणायचे, पोराला आधी बरं करा, मग शाळेत धाडा. सरपंच विचारायचे, ह्याला कायमचं कुठं ठेवता येतं का? महिला मंडळाला हळदीकुंकवाचं निमित्त लागायचं आणि तरुण मंडळाला पाहुण्यांसाठी फेटे.

लातूरलाच काही महिने मला कोचिंग क्लासच्या पोरांसाठी नेमलं होतं. पोरं गप्प गप्प होऊन राहिली, जेवत नाहीत, अशी एका क्लासच्या संचालकांची तक्रार. मी म्हटलं, एकेकाशी बोलते, थोडा वेळ द्या. त्यांच्याकडे सगळं होतं, वेळ तेवढा नव्हता. त्यांनी एक व्याख्याता बोलावला. तो माणूस मंचावर येऊन दीड तास ओरडला. "तुम्ही सिंह आहात! म्हणा, मी सिंह आहे!" मंगल कार्यालयभर पोरं मरगळल्या आवाजात म्हणाली, मी सिंह आहे. माझ्या शेजारी रेणापूरकडची एक मुलगी बसली होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेली. ती माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "मॅडम, हे पेपरला येतंय का?"

असो. मला सांगायचंय ते अर्धापूरचं.

अर्धापूरला दर मंगळवारी आमचे डॉक्टर नांदेडहून यायचे. ग्रामीण रुग्णालयाच्या मागच्या बाजूला औषधांच्या रिकाम्या खोक्यांतून जागा काढून आमची ओपीडी बसायची. एका मंगळवारी बाहेर एकदम गलका झाला. बघते तर बँडचा टेम्पो उभा. त्यातून लाल कोट, सोनेरी झालरी, डोक्यावर तुरा अशा थाटात सगळा बँड उतरतोय आणि मधोमध एक सडपातळ तरुण दोघांनी दंडाला धरलेला. लशीसाठी आलेल्या बायकांना वाटलं कोणाची तरी वरात आली. त्या पदर सावरून उभ्या राहिल्या.

पुढे होता गफूरमास्तर. त्याचा बँड अर्धापूर भागात जुना. पोट सुटलेलं, मिशा रंगवलेल्या, आवाज ढोलाला मागे टाकणारा.

"बाई," तो म्हणाला, "ह्याच्या कानात कोनतरी बोलायलंय. पयले म्हणलं, सूर लागंना म्हणून बहाणे करायलाय. पण आज भर मिरवणुकीत क्लारनेट फेकून दिलं केळीत, अन् रडायला बसला की ओ."

तो तरुण म्हणजे विलास, बँडचा क्लारनेटवाला. त्याची आई गयाबाई मागच्या टेम्पोने धावत आली. तिच्याकडून कळलं की हे वर्षभर चाललं होतं. विलास एकटाच बोलायचा, जेवणात काहीतरी घातलंय म्हणून ताट ढकलायचा. गयाबाईनं जे कोणी सांगेल ते सगळं करून पाहिलं होतं. दवाखाना तेवढा कोणी सांगितला नव्हता.

डॉक्टरांनी औषध सुरू केलं. हा आजार नीट औषध घेतलं तर आवरतो, पण घेतलंच पाहिजे, आणि इथेच सगळ्यांची गाडी अडते. विलास आईच्या हातून गोळी घेईना. मग गफूरमास्तर म्हणाला, "माझ्याकडं द्या." विलास रोज रियाजाला आला की चहाबरोबर मास्तर गोळी पुढे करायचा आणि गिळेपर्यंत चहा हातात धरून ठेवायचा. मी भारावून काहीतरी बोलायला गेले, तर म्हणाला, "बाई, उगं मला चांगला म्हणू नका. ह्या पट्ट्यात क्लारनेटवाला दुसरा न्हाई. स्वार्थ हाय माझा."

त्या स्वार्थानं जे काम केलं ते आमच्या कुठल्याच वर्तुळानं केलं नव्हतं. चार-सहा महिन्यांत विलास पुन्हा वाजवायला लागला. बँडमधल्या पोरांनी त्याचं नाव 'रेडिओ' ठेवलं होतं, कारण त्याला स्टेशनं ऐकू यायची. तोही आल्या आल्या सांगायचा, "आज बंद हाय रेडिओ." किंवा, "आज जरा खरखर करायलाय." खरखर म्हटलं की पोरं त्याला ढोलापासून लांब, पुढे उभा करायची. आमच्या प्रशिक्षणात अशा थट्टेला 'कलंकित करणारी भाषा' म्हणतात आणि ती बंद पाडायची असते. मी पाडली नाही. ह्या माणसाला बरं वाटतंय की नाही हे जिथे रोज विचारलं जातं अशी जागा मला दुसरी माहीत नव्हती.

आणि मग ही गोष्ट जिल्ह्याच्या साहेबांच्या कानावर गेली.

साहेबांचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण ते बदलून गेले आणि त्यांच्या जागी आलेलेही तसेच होते. त्यांना नांदेडला जनजागृतीचा मोठा कार्यक्रम करायचा होता. रॅली, रांगोळी, व्याख्यान सगळं ठरलं होतं, फक्त बरा झालेला एक पेशंट कमी पडत होता. मी म्हटलं, "साहेब, लहान गाव आहे, फोटो फिरतील, त्याला त्रास होईल." साहेब म्हणाले, "मॅडम, कलंक घालवायचाय ना आपल्याला? मग लपवून कसं चालेल?" वाक्य बरोबर होतं. फक्त कलंक त्यांचा नव्हता.

मी विलासला सगळं नीट सांगितलं आणि नाही म्हटलंस तरी चालेल असंही सांगितलं. पण त्यानं आनंदाने होकार दिला, कारण त्याला वाटलं की एवढ्या मोठ्या हॉलमध्ये आपल्याला वाजवायला मिळणार. त्यानं कोट इस्त्री करून घेतला. क्लारनेट पुसून चकाचक केलं. हॉलच्या दारातच त्याचा मोठा फोटो लावला होता आणि खाली लिहिलं होतं, 'मनोरुग्ण ते कलाकार: एक प्रेरणादायी प्रवास'.

विलास त्या फलकासमोर थांबला. "बाई, हे उलटं झालंय," तो म्हणाला. "मी आधी कलाकारच होतो. मनोरुग्ण मधी झालो."

त्याला मंचावर नेलं, हातात रोपटं दिलं, दोन मिनिटं बोलायला सांगितलं. तो म्हणाला, "मला भास व्हायचे. आता कमी हायेत. गोळी खातो." टाळ्या पडल्या. मग त्यानं क्लारनेटची पेटी उघडायला घेतली. तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं म्हणून सगळा मंच उठला, आणि सूत्रसंचालकानं राष्ट्रगीत जाहीर केलं. विलास एका हातात रोपटं आणि दुसऱ्या हातात पेटी धरून ताठ उभा राहिला. परत येताना टेम्पोत त्यानं पेटी उघडली नाही. पेटी मांडीवर होती. रोपटं कुठे राहिलं कोण जाणे.

फोटो मात्र मागे राहिले नाहीत. संध्याकाळपर्यंत ते गावोगावच्या ग्रुपवर पोचले होते.

लग्नसराईची ठरवाठरवी सुरू झाली होती. बँड ठरवणं म्हणजे 'सुपारी देणं', आणि मास्तरकडे त्या हंगामाची पहिली मोठी सुपारी होती मारोतरावांची. अर्धापूरच्या जवळच्याच गावातले मारोतराव केळीचे बागाईतदार, चार लोकांत शब्द असलेला माणूस. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं होतं. फोटो फिरल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते बँडच्या दुकानात आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मास्तर, बँड तुमचा झकासच हाय. पण ते पोरगं नको. शुभकार्य हाय, मधीच काही झालं त?"

"त्याच्याबिगर बँड कशाचा?" गफूरमास्तर म्हणाला.

"मग डीजे सांगतो," असं म्हणून ते निघून गेले.

मोठ्या माणसानं सुपारी परत घेतली की बाकीच्यांना वेगळं कारण शोधावं लागत नाही. एकामागून एक लोक येऊन गेले. कलंक घालवायच्या कार्यक्रमानं कलंक घरपोच दिला. आणि विलासनं गोळी बंद केली.

मी दुकानात गेले तेव्हा तो ट्रम्पेटचं पितळ घासत बसला होता. "बाई, मला एक सांगा," तो म्हणाला. "येडा होतो तवा वाजवत होतो, कोणी काही म्हणलं न्हाई. गोळी खाऊन बरा झालो तर सगळ्यांना कळलं मी येडा हाय. मग गोळी काहून खाऊ?"

मी दर मंगळवारी ओपीडी संपली की तिकडे जात राहिले. त्याची खरखर वाढत चालली होती. मध्येच मान वळवून तो कोणालातरी गप्प बस म्हणायचा. पोरांनी थट्टा बंद केली होती. ते मला सगळ्यात वाईट लक्षण वाटलं.

अशाच एका मंगळवारी मला ओपीडीच्या बाहेर मारोतराव दिसले. तोंडाला उपरणं गुंडाळून डोळ्यांच्या तपासणीच्या रांगेत उभे होते आणि नजर आमच्या दाराकडे. आमच्याकडे येणारे अर्धे लोक आधी डोळ्यांच्याच रांगेत उभे राहतात, कारण आमच्या पेशंटांचं नाव माइकवरून 'मनोरुग्ण विभागात या' असं पुकारलं जायचं. ते बंद करा म्हणून मी कितीदा सांगितलं. उत्तर यायचं की माइक नवीन आहे, वापरला पाहिजे.

मी त्यांना बाजूला घेतलं. ते म्हणाले, "आमच्या एका पाव्हण्याच्या घरची गोष्ट हाय."

ह्या धंद्यात पाव्हणा म्हणजे स्वतः. मी म्हटलं, सांगा पाव्हण्याचं.

पाव्हण्याची बायको कित्येक महिने अंथरुणातून उठत नव्हती. डोक्याला फणी लावत नव्हती. लेकीचं लग्न ठरलं तरी तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नव्हतं. रक्त तपासलं, एक्स-रे काढले, सगळं नॉर्मल. इतकं सांगून ते थांबले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "चार दिवस झाले, आसं म्हणायलीय की मी नसले तर तुमचं सगळं नीट व्हईल."

हे वाक्य ऐकलं की आम्ही हातातलं काम खाली ठेवतो. ते वाक्य म्हणणारं माणूस रागावलेलं नसतं, रुसलेलं नसतं, ते खरोखर तसं मानायला लागलेलं असतं. मी म्हटलं, "मारोतराव, वहिनींना एकटं ठेवू नका, आणि आजच घेऊन या."

नाव घेतल्यावर त्यांनी उपरणं सोडलं. रडकुंडीला आलेले. "इथं कसं आणू बाई? लग्न ठरलंय लेकीचं. व्याह्यांचं निम्मं गाव ह्याच दवाखान्यात येतंय. माइकवर नाव गेलं तर संपलं की हो."

तेव्हा मला कळलं की त्यांनी सुपारी का परत घेतली. त्यांना विलासची भीती वाटत नव्हती. घरात जे अंथरुणावर होतं ते मांडवात कोणी ओळखेल ह्याची भीती होती.

"मग बँडच्या दुकानात आणा," मी म्हणाले. "लग्नघरचं माणूस बँडवाल्याकडे का गेलं असं कोणी विचारत नाही."

"गफूरच्या? तिथं मी कोणत्या तोंडानं..."

"ते तुमचं तुम्ही बघा. डॉक्टर चारपर्यंत आहेत."

डॉक्टर आधी चिडले. जेवण व्हायचं होतं. 'बँडच्या दुकानात' हे दोनदा म्हणून झाल्यावर मात्र त्यांना हसू आलं आणि ते निघाले. गफूरमास्तरला मी सगळं सांगितलं. तो मिशी चोळत म्हणाला, "येऊ द्या. बिमार माणसाशी काय दुश्मनी?" जरा थांबून म्हणाला, "तिच्या नवऱ्याशी मात्र हाय."

दुकान म्हणजे पत्र्याची लांबट शेड. भिंतीला ढोल, ताशे टांगलेले, मधल्या तारेवर लाल कोट वाळत घातलेले. त्या कोटांच्या पडद्यामागे डॉक्टर आणि सुमनबाई बसले. सुमनबाई म्हणजे मारोतरावांची बायको. पन्नाशीच्या आतली बाई, पण चालताना पाऊल उचलायचंही ओझं झालेली. डॉक्टर तिच्याशी पुष्कळ वेळ बोलले. इकडे बाकावर मारोतराव, आणि समोर विलास पितळ घासतोय.

विलासनं वर बघितलं. "तुमीच का डीजेवाले?"

विलासनं उठून त्यांना पाणी दिलं आणि पुन्हा घासायला बसला. ते पाणी त्यांनी किती वेळ हातात धरलं होतं.

पडद्यामागून सुमनबाईंचा आवाज आला, बारीक. "ह्या गोळीनं काय व्हतंय?"

डॉक्टर समजावून सांगायला लागले. पुस्तकी मराठीत, मेंदूतली रसायनं वगैरे. विलास तिथूनच ओरडला, "तोंड कोरडं पडतंय! पयले झोपच येती नुसती. फरक पडायला लई दिवस लागतेत. तवर सगळं फुकट वाटतंय."

"अरे, तुझं औषध वेगळं, त्यांचं वेगळं," डॉक्टर म्हणाले.

सुमनबाईंनी कोट बाजूला सारून बाहेर बघितलं. "तू खातूस का?"

विलासचा हात थांबला. "खात होतो. सोडल्या."

"मग मी काहून खाऊ?"

डॉक्टर माझ्याकडे बघतायत, मी मास्तरकडे, मास्तर विलासकडे. विलास चांगलाच वैतागला. कोणाच्या तरी गोळीची जबाबदारी आपल्यावर यावी हे त्याला मुळीच पटलेलं नव्हतं. शेवटी त्यानं हातातला फडका आपटला. "बरं, मी खातो. पण मंग तुमी बी खायच्या. मी इचारणार हाय."

"इचार," सुमनबाई म्हणाल्या.

गफूरमास्तरनं चहा मागवला.

पुढच्या मंगळवारी सुमनबाई आल्या, त्या माझ्यासाठी किंवा डॉक्टरांसाठी नाही. दारातूनच विलासला म्हणाल्या, "खाल्ली का?" तो म्हणाला, "हाव. तुमी?" त्या म्हणाल्या, "खाल्ली. काही फरक न्हाई." तो म्हणाला, "मला बी न्हाई." असे कित्येक मंगळवार त्यांनी एकमेकांना फरक न पडल्याचं सांगितलं, आणि मधल्या दिवसांत कधीतरी तो पडला. एका मंगळवारी सुमनबाईंची वेणी घातलेली होती. विलास म्हणाला, "आज तुमचं स्टेशन लागलंय वाटतं." त्या हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

अशा गोष्टी कोणी जाहीर करत नाही, तरी त्या पसरतात. मंगळवारी दुपारी लोक बँडच्या दुकानात 'सुपारीचं बोलायला' यायला लागले. सून बाळंतपणानंतर सारखी रडते म्हणून एक सासू आली. दारूनं हात कापतात म्हणून एक पोलीस आला, साध्या कपड्यात. एक विधुर आजोबा तर नियमाने यायचे. मास्तरनं विचारलं, "आजोबा, लगीन कुणाचं?" आजोबा म्हणाले, "बघू की. घाई काय हाय?" त्यांना कसलाच आजार नव्हता. घरात बोलायला कोणी नव्हतं, एवढंच. मास्तर मात्र माझ्यावर करवादायचा, "बाई, सुपारीचं बोलायला सगळे येतेत, देत कोनीच न्हाई. तुमच्या पायी माझं दुकान दवाखाना झालं." पण चहा कधी चुकला नाही.

साहेबांना हे कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर मुळीच लागला नाही. गाडी दुकानासमोर उभी राहिली. "अप्रतिम! ह्याला म्हणतात सामाजिक संसाधन. इथे आपण 'आनंद कट्टा' अशी पाटी लावू. उद्घाटन करू. मास्तर, तुमचा सत्कार."

गफूरमास्तरनं हात जोडले. "साहेब, मागच्या सत्काराचं अजून फेडून राहिलो. लोक इथं येतेत ते इथं काही लिवलेलं न्हाई म्हणून. पाटी लावली त पयला मीच यायचा बंद होईन."

साहेब नाराज होऊन गेले. कट्टा झालाच, तहसीलच्या कोपऱ्यावर. फीत कापली, रंगीत बाक ठेवले, भिंतीवर हसरे चेहरे काढले. आता तिथे दुपारी शेळ्या बसतात आणि संध्याकाळी पोरं रील काढतात. शेळ्यांचं मानसिक आरोग्य उत्तम आहे, एवढं मी खात्रीनं सांगू शकते.

इकडे लग्न जवळ आलं. मारोतराव दर मंगळवारी बायकोला घेऊन यायचे, बाकावर बसायचे, मास्तरचा चहा प्यायचे. विलास सुधारतोय हे त्यांना दिसत होतं. गोळीनं ओठ ताठरायचे, ते डॉक्टरांनी औषधाचं प्रमाण कमी करून जुळवून दिलं होतं आणि क्लारनेट पुन्हा लागायला लागलं होतं. आणि तरीही लग्नाला डीजेच ठरला. मी विचारलं तर म्हणाले, "बाई, मला पटतंय सगळं. पण लोकांना पटत न्हाई ना." त्यांचा मला राग आला आणि कीवही आली. चांगल्या माणसांनी आजवर जेवढं वाईट केलंय, त्यातलं बरंचसं ह्याच वाक्याखाली केलंय.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात सुमनबाई एकट्याच दुकानात आल्या, रिक्षानं. घरातून एकट्या बाहेर पडायची ही त्यांची कित्येक महिन्यांतली पहिली खेप. पदराच्या टोकाची गाठ सोडून त्यांनी खरीखुरी सुपारी मास्तरच्या हातावर ठेवली. "वरात डीजेवर येऊ द्या," त्या म्हणाल्या, "पण लेकीची पाठवणी तुमच्या बँडवर व्हईल. अन् ह्यो वाजवील."

घरी कळल्यावर मारोतराव म्हणाले म्हणे, "लोक काय म्हणतील?" त्यावर सुमनबाई म्हणाल्या, "लोकांना मी जेवायला बोलावलंय. म्हणायला न्हाई."

मला लग्नाचं आमंत्रण होतं. दुपारभर डीजेनं छातीत धडधड भरवली. जेवणं उरकली, ऊन कललं, आणि पाठवणीच्या वेळी मांडवाच्या तोंडाशी लाल कोट उभे राहिले. विलास सगळ्यात पुढे. त्यानं क्लारनेट ओठाला लावलं. पहिला सूर फाटला. मी मास्तरकडे बघितलं, त्यानं ढोलावरची नजर हलवली नाही. दुसरा सूर लागला, आणि मग विलासनं ती पाठवणी अशी वाजवली की इतका वेळ डीजेपुढे नाचून घामेजलेली पोरं जागच्या जागी गप्प झाली. मुलगी आईच्या गळ्यात पडून रडली. सुमनबाईही रडल्या. इतके महिने त्यांना रडूसुद्धा येत नव्हतं, हे त्या मांडवात फक्त तिघाचौघांना माहीत होतं.

गाडी गेल्यावर बायका घोळक्यानं उभ्या होत्या. नवरदेवाची आत्या, अंगावर ठसठशीत दागिने, आवाजही तसाच, सुमनबाईंना म्हणाली, "विहीणबाई, हे पोरगं तेच न्हाई का, फोटोतलं? डोक्याचं? तुमी कसं काय वळखता त्याला?"

मारोतराव जवळच पाव्हण्यांना टॉवेल-टोपी देत होते. त्यांचा हात हवेतच राहिला.

सुमनबाईंनी डोळे पुसले. "वळखते की," त्या सरळ आवाजात म्हणाल्या. "आमी एकाच डॉक्टरची गोळी खातो."

कोणी पदर नीट केला, कोणाला आपलं लेकरू कुठंय ते एकाएकी आठवलं, आणि एकेक जण पांगली. मारोतराव खाली मान घालून उभे राहिले. मग त्यांनी हातातला टॉवेल समोरच्या पाव्हण्याच्या खांद्यावर टाकला आणि बायकोच्या शेजारी येऊन उभे राहिले.

आत्या तेवढी हलली नव्हती. तिनं इकडेतिकडे बघितलं, सुमनबाईंचा दंड धरून त्यांना खरकट्या पातेल्यांच्या आडोशाला नेलं, आणि मगाचा तो ठसठशीत आवाज अगदी खाली आणून विचारलं, "कोणत्या वारी असतेत हो ते डॉक्टर?"